बापाची बाटली आणि माझे गुडघे

एका माणसाचं सख्ख्या भावाशी एकोणतीस वर्षं बोलणं नव्हतं. कधीकाळी झालंच तर त्या दिवशी उघडायची म्हणून त्याने वडिलांच्या हातची एक बाटली जपून ठेवली होती. ती मी एका हिवाळ्यात गुडघ्यांना चोळून संपवली. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं वाचताना तुम्ही मला शहाणी समजत राहाल.

तो माणूस म्हणजे हॅम्बर्गमधले आमचे घरमालक. जन्माने डच, राहायला तळमजल्यावर. दुसऱ्या मजल्यावर त्यांचे भाडेकरू आम्ही: माझा मुलगा मंदार, सून ऋता, नात सई, आणि सईला सांभाळायला तीन-तीन महिन्यांच्या व्हिसावर साताऱ्याहून येऊन-जाऊन असलेली मी. घरात सगळे ‘फेरमीटर आले होते’, ‘फेरमीटरना विचारायला हवं’ असं बोलायचे, म्हणून मला ते आडनाव वाटलं. जर्मनमध्ये घरमालकालाच फेरमीटर म्हणतात हे कळेपर्यंत माझी दुसरी खेप उजाडली. तोवर मी रोज जिन्यात ‘गुटन टाग, हेर फेरमीटर’ करत त्या गृहस्थांना ‘नमस्कार, श्रीयुत घरमालक’ घालत होते. त्यांनी एकदाही दुरुस्त केलं नाही. मान किंचित झुकवून ‘गुटन टाग, फ्राऊ मीटरिन’ म्हणायचे, म्हणजे ‘श्रीमती भाडेकरू’. मला वाटायचं, बिचाऱ्यांना माझं आडनाव उच्चारता येत नसेल.

त्या वेळी मी एकसष्टची. आज बहात्तरीत बसून त्या एकसष्टच्या बाईकडे पाहिलं की हसू येतं. तिला वाटायचं, आपल्याला माणसं बघताक्षणी कळतात. शाळेत तीस वर्षं पोरं हाकली की हा रोग जडतोच.

घरमालकांचं सगळं नाकावर चालायचं. ऋता-मंदार घर शोधत होते तेव्हा बाकीचे मालक एकच विचारायचे, “तुम्ही घरी रोज शिजवता का?” हो म्हटलं की मग कळवतो म्हणायचे, आणि कळवायचे नाहीत. यांनी मात्र सांगितलं, “काय घालून शिजवता ते आणून दाखवा.” ऋता मिसळणाचा डबा घेऊन गेली. यांनी डोळे मिटून एकेक वाटी हुंगली. हिंगाशी पोचल्यावर एक पाऊल मागे सरले, पुन्हा पुढे आले, आणि अनोळखी पाहुण्याची चौकशी करावी तसं म्हणाले, “हे कोण?” अर्ध्या तासाने करारावर सही झाली. पगाराची कागदं त्यांनी उघडलीसुद्धा नाहीत.

बंदरात धान्याची जहाजं यायची, त्यांतून नमुने काढून हुंगायचे आणि कुठल्या पोत्याला बुरशी लागलीये ते सांगायचं, ही त्यांची हॅम्बर्गमधली नोकरी. निवृत्त झाल्यावर जहाजं गेली, जिना राहिला. वर फोडणी पडली की खालून हाक यायची, “दुसरा मजला! मोहरी करपली!” टपाल आलं की पाकीट आधी हुंगायचे, मग फोडायचे. “सरकारी आहे,” ते मला एकदा म्हणाले, “कशाचाच वास नाही.”

आता त्यांच्या चार वाजण्याबद्दल. रोज दुपारी चारला, पाऊस असो नसो (हॅम्बर्गला तो असतोच), ते खिडकीशी उभे राहायचे. खिडकीच्या कट्ट्यावर काहीतरी ठेवलेलं असायचं, ते बाहेरून दिसायचं नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधायचे आणि कमरेत वाकून डोकं पार कट्ट्यापर्यंत न्यायचे. क्षणभर तसेच. मग सरळ व्हायचे, चेहऱ्यावर मोठं समाधान.

मी सईची बाबागाडी घेऊन त्याच वेळी अंगणात असायची. मला गहिवरून आलं. परक्या देशात, या वयात, रोज ठरल्या वेळी देवापुढे असं वाकणारा माणूस! ऋताला म्हटलंसुद्धा, “बघ, शिका काहीतरी. तुम्ही सणावारी उदबत्ती लावता तीही आठवण करून दिली तर.” आणि तीन आठवडे, त्यांनी डोकं टेकवलं की अंगणातून मीही हात जोडायची. ते खिडकीतून बघायचे आणि पेला उंचावायचे. पेला मला दिसायचा. मला वाटायचं, तीर्थ.

ऋताने एकदा शेजारी उभं राहून हा सोहळा पाहिला आणि हसता हसता बाबागाडीला धरून खाली बसली. “अहो आई, ते दारू पितायत!”

पेला ट्यूलिपच्या फुलासारखा, इवलासा. तो काठोकाठ भरतात, इतका की वर फुगवटा येतो. उचलला तर सांडणारच. म्हणून पहिला घोट पेला न उचलता, हात मागे बांधून, वाकून घ्यायचा, अशी त्यांच्याकडची रीत. दारूचं नाव येनेवर.

एकसष्टच्या बाईंना फार राग आला. मी तीन आठवडे बाटलीला नमस्कार घातले होते! मग मी अंगणात जायची वेळ बदलून पाच केली आणि जिन्यात ‘गुटन टाग’ म्हणताना पदराने नाक झाकू लागले. त्यांनी ऋताला विचारलं, “वरच्या बाईंना सर्दी झालीये का?”

मग आला जानेवारी. हीटर लावूनही माझे पाय काही गरम होईनात, हे ऋता जिन्यात त्यांना बोलली. दुसऱ्या दिवशी दारात घरमालक उभे. हातात तपकिरी मातीची, कानवाली, लांबोडकी बाटली, लोकरी मोज्यात घातलेली. आत उकळतं पाणी. “पायाशी ठेवा,” म्हणाले, “माझी आई असंच करायची.” मी ठेवली. इतकी गाढ झोप मला आल्यापासून लागली नव्हती. पुढे रोज रात्री ती मी पोटाशीसुद्धा घेऊ लागले. अर्थातच ती येनेवरची रिकामी बाटली होती. त्यांच्याकडे घरोघरी रिकाम्या बाटल्यांचा हा दुसरा जन्म. हे कळलं तेव्हा थंडी अजून दीड महिना शिल्लक होती. मी तत्त्वाचा विचार केला, पायांचा विचार केला, आणि बाटली ठेवून घेतली.

तिथून आमचं बोलणं सुरू झालं. माझं जर्मन मोडकं, त्यांचं डच वळणाचं. दोघांनाही घाई नव्हती. “घाईत येते ती फक्त सर्दी,” हे त्यांचं आवडतं वाक्य. एकदा त्यांनी माझ्या तळहातावर चार काळी-जांभळी वाळकी फळं ठेवली. “यावरून नाव पडलं येनेवर. ओळखता?” मी हुंगलं आणि उडालेच. हपुषा! साताऱ्याला माझ्या वडिलांचं काष्ठौषधींचं दुकान होतं. पोटफुगीला, मूत्रविकाराला, सांध्यांच्या तेलात ते हपुषा द्यायचे. हॅम्बर्गच्या सुपरमार्केटात तीच फळं मसाल्यांच्या कप्प्यात, कोबीत घालायला म्हणून, माझ्या नाकाखाली होती आणि मी डब्यावरचं जर्मन नाव वाचून पुढे जात होते.

“आमच्याकडेही आधी औषधवाल्यांकडेच मिळायचं,” ते खूश होऊन म्हणाले. राय नावाचं धान्य आणि मोड आणलेलं जव, ते आंबवून तीनदा उकळून काढलेलं दाट मद्य, आणि त्यात ही फळं. पोटाला, मूत्रपिंडाला, सांध्यांना. मग इंग्रज शिपाई डचांच्या बाजूने लढायला आले. लढाईआधी एकेक घोट घेऊन धीर आणायचे. धीर आवडला, म्हणून घरी घेऊन गेले, नाव आखूड करून जिन केलं. “आमचं पोर,” ते म्हणायचे, “पण तिकडे जाऊन फार रोडावलं.” ते स्वतः येनेवर कशालाही वापरायचे. गुळण्या करायला, मनुका भिजवायला, वाटाण्याच्या दाट सूपमध्ये चमचाभर, मधमाशी चावली तर चोळायला. सगळा इतिहास ते एका दमात सांगायचे: “आधी औषध. मग धीर. मग सुख. आणि मग माझा भाऊ.”

भावाचं नाव असं शेवटी यायचं आणि तिथे बोलणं संपायचं. पेला उपडा घालायचे. मी कधी विचारलं नाही.

मातीच्या बाटल्यांबद्दल मात्र त्यांनी मोकळी परवानगी दिली होती. “खाली केलरमध्ये फळीवर पडल्यात, हव्या तेव्हा घ्या.” केलर म्हणजे इमारतीखालचं तळघर, तिथे प्रत्येकाची अडगळ. सई आठ वर्षांची झाली त्या हिवाळ्यात माझी पायाशी ठेवायची बाटली चिरली, म्हणून मी दुसरी आणायला खाली गेले. फळीवरच्या सगळ्या लहान. मागे कोनाड्यात मात्र वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक ऐसपैस, देखणी बाटली होती. उचलली तर जड. बूच लाखेने बंद. मी लाख फोडली, बूच काढलं, नाक लावलं. हपुषा! आणि मागे दाट, भाकरीसारखा खरपूस वास.

इथे वडिलांच्या दुकानाने घात केला. त्यांच्या पेल्यातलं येनेवर मी कधी जवळून हुंगलेलं नव्हतं. पदर होता ना नाकाला. मी लगेच ताडलं: हे सांध्यांचं जुनं औषध. वापरायला परवानगी आहेच. माझे गुडघे तेव्हा जिना चढताना सुतारकाम चालल्यासारखे वाजायचे. रोज सकाळी चमचा-चमचा दोन्ही गुडघ्यांना चोळायची. आधी गार वाटायचं, मग ऊब. ऋता नाक वर करून विचारायची, “आई, तुमच्या खोलीत कसला वास येतो हो?”

“औषध आहे,” मी म्हणायची, “तू नको लक्ष घालूस.”

मार्च आला तोवर बाटली संपली आणि मी दोन मजले न थांबता चढू लागले. औषधाने, की ते आणायला रोज केलरच्या पायऱ्या चढून-उतरून, देव जाणे. रिकामी बाटली धुऊन परत वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवली. पुढच्या हिवाळ्यासाठी! ती काटकसर आठवली की अजून कानाला खडा लावते.

पाच दिवसांनी घरमालक वर आले. जिने ते सहसा चढत नसत, त्यांचे गुडघे माझ्याहून वाईट. हातात पाकीट. “याला आमच्या स्वयंपाकघराचा वास येतो,” म्हणाले आणि खुर्चीत बसले. भावाचं पत्र होतं. हृदयाची शस्त्रक्रिया झालीये, पुढची आधीसारखी सोपी नाही, त्याआधी एक दिवस येऊन जातो, तुला चालणार असेल तर.

मग त्यांनी पहिल्यांदाच सगळं सांगितलं. स्खिडाम हे त्यांचं गाव, धान्य दळायच्या उंचच उंच पवनचक्क्यांचं. वडील आणि दोघं भाऊ तिथल्या एकाच लहान भट्टीत कामाला. वडील गेले आणि भट्टीच्या मालकाने ठरवलं की जुन्या पद्धतीचं येनेवर बंद, आता फक्त ‘तरुण’ करायचं. त्यात जवा-रायचा अंश नावाला, बाकी साधं स्पिरिट. स्वस्त, हलकं, गिऱ्हाइकांना तेच हवं होतं. धाकटा भाऊ मुकादम होता. तो हो म्हणाला. हे म्हणाले, तू बापाची चव विकलीस. तो म्हणाला, विकली नसती तर वीस घरांच्या चुली विझल्या असत्या. एकदा पिऊन तरी बघ. यांनी पिऊन पाहिलं नाही. ते त्याच आठवड्यात हॅम्बर्गला आले.

“बापाने काढलेल्या शेवटच्या खेपेतली एक बाटली आहे माझ्याकडे,” ते म्हणाले. “केलरमध्ये, कोनाड्यात. तो आला तरच उघडायची ठरवलं होतं. आम्ही दोघं काय बोलणार? आम्हांला बोलता येत नाही. पण ती मध्ये असली की बसता येईल.”

माझ्या हातातली पळी खाली पडली. त्यांना वाटलं, मला भरून आलं. माझ्या दंडावर थोपटून गेले.

ऋताला सांगितलं तेव्हा ती आधी किंचाळली, “गुडघ्यांना?” मग रडेस्तोवर हसली, मग गंभीर झाली. मी तोवर बेत आखला होता. सुपरमार्केटातली हपुषा उकळून, त्यात जव भाजून घालून, बाटली भरून लाख लावायची. पातेलं चढवलंही होतं. ऋताने गॅस बंद केला. “आई, तो माणूस पाकीट न फोडता पत्र ओळखतो. जाऊन सांगा.”

सांगायला मी चारदा खाली गेले. एकदा त्यांना चकल्या देऊन आले, एकदा हवेबद्दल बोलून. ते खिडक्या पुसत होते, नवे पडदे लावत होते. चौथ्यांदा गेले तेव्हा ते आरशासमोर उभे राहून स्वतःशीच डचमध्ये काहीतरी म्हणून बघत होते. मी दारातून परत फिरले.

भाऊ आला तो शनिवारी दुपारी. सईने जिन्यातून वाकून पाहिलं आणि जर्मनमध्ये बातमी आणली की अगदी ओपांसारखाच, फक्त बारीक. घरमालकांना ती ‘ओपा’, म्हणजे आजोबा, म्हणायची. अर्ध्या तासाने आम्हांला बोलावणं आलं. मला आणि सईला, माझी दुभाषी म्हणून. टेबलाच्या दोन टोकांना दोघं म्हातारे, मध्ये दोन रिकामे पेले. भावाचा कोट अंगावरच होता.

घरमालक माझ्याकडे वळले. “फ्राऊ मीटरिन, ती कोनाड्यातली बाटली आणाल? तुमचे गुडघे चांगले आहेत.”

मी गेले. केलरमध्ये थोडी उभी राहिले. मग ती बाटली आणून दोघांच्या मधोमध ठेवली आणि हात पाठीमागे घेतले. त्यांनी उचलली. वजनावरूनच त्यांना कळलं. बूच काढून नाक लावलं, आणि ते तसेच राहिले.

“इश,” मी म्हटलं, म्हणजे जर्मनमध्ये मी. मग गुडघ्यांवर दोन्ही हात आपटले. “क्नी. आलेस.” म्हणजे गुडघे. सगळं. मला तेवढंच आलं. उरलेलं सईने सांगितलं, भलतं रंगवून; रोज किती चमचे, कुठल्या गुडघ्याला आधी. मी त्यांची माफी मागितली, मराठीत, रडत. ती तिने भाषांतरित केली नाही. गरज नव्हती.

घरमालक उठून खिडकीशी गेले, आमच्याकडे पाठ करून. “मग झालं,” ते म्हणाले. “आता काही नाही मध्ये.” भावाने खुर्ची मागे सरकवली. मला वाटलं, निघाला. एकोणतीस वर्षांनी आलेला माणूस माझ्या गुडघ्यांपायी परत चालला.

तो निघाला नव्हता. त्याने सईला विचारलं, “आजींना गुण आला का?”

“हो,” सई म्हणाली. “आता माझ्याआधी वर पोचते.”

भाऊ हसला. सबंध हसला नाही, छातीवर हात धरून जपून हसला. मग कोटाच्या आतल्या खिशातून एक चपटी काचेची बाटली काढली आणि टेबलावर ठेवली. आत पाण्यासारखं नितळ. “आणली होती,” तो म्हणाला. “काढणार नव्हतो. बाबांच्या शेजारी ही कशी ठेवायची?”

ते ‘तरुण’ येनेवर होतं. त्याच्या हातचं.

त्याने एक पेला भरला, काठोकाठ, आणि खिडकीच्या कट्ट्यावर नेऊन ठेवला. थेंबही सांडला नाही. घरमालकांनी पेल्याकडे पाहिलं. मग त्यांनी हात पाठीमागे बांधले, आणि भावाच्या पुढ्यात वाकले.

सरळ झाले तेव्हा डोळे मिटलेले होते.

“वाईट आहे,” ते म्हणाले.

“हे तू एकोणतीस वर्षं म्हणतोयस.”

“हो. पण आज पिऊन म्हणतोय.”

भावाने कोट काढला आणि खुर्चीच्या पाठीला लावला. मी सईला धरून बाहेर काढलं आणि दार हळूच ओढून घेतलं. सहाच्या गाडीने परत जाणार होता तो. ती गाडी गेली तेव्हा मी वर चहा करत होते आणि खालून, जिन्यातून आवाज येत होते. आधी एकाचा, मग दोघांचे एकदम, मग टेबलावर मूठ आपटल्याचा. मंदार बाहेरून आला तो जिन्यातच थबकून, घाबरून वर आला.

“आई, खाली कोण भांडतंय एवढं?”

“भाऊ आहेत,” मी म्हटलं. “बोलतायत.”